घरातलं मोठं माणूस पाठवा

आमच्या मंडळीच्या नाताळ अंकात यंदा नोकरी करणाऱ्या मुलींनी लिहावं असं ठरलं. पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो असा: कामाच्या गर्दीत एकांत प्रार्थनेसाठी वेळ कसा काढावा. दोन रविवार मी त्यांना चुकवलं. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर ते दारातच उभे होते. म्हणून हे लिहिते आहे. उपदेश मला जमणार नाही. माझ्या कामाबद्दल सांगते, त्यात प्रार्थना जिथे येईल तिथे येईल.

मी परळच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे ही नोकरी मिळाली, आणि त्याच शाळेमुळे मराठी लिहिताना अजून शब्द शोधावा लागतो. बोलणं तर मला दोन्ही भाषांत जड जातं. माझा धाकटा भाऊ समू म्हणतो, "हिला बोलायची लाज, आणि हिला बोलायचाच पगार." पण तारेवर बोलताना समोर कोणी बघत नसतं. माणसाचा फक्त आवाज येतो आणि आपलाही फक्त आवाज जातो. मला ते सोयीचं वाटलं.

आमचं घर ठाकूरद्वारला, चाळीत, दोन खोल्यांचं. बाबा शाळामास्तर. आई, मी, समू आणि दोन धाकट्या बहिणी. संध्याकाळची घरची प्रार्थना कधी चुकत नाही, पण एकट्याने देवाशी बोलायचं तर जागा कुठे? आई त्यासाठी मोरीत जाते. पडदा ओढते, पाटावर बसते आणि डोक्यावरून पदर घेते. शेजारच्या सावंतकाकू गॅलरीतून विचारतात, "काय हो मास्तरीणबाई, आज किती बालद्या?" आईही सांगते, "झाली हो, शेवटचीच." तिचं पातळ कोरडं असतं हे काकूंना दिसतं. पण त्यांनी कधी पुढचं विचारलं नाही.

मोरी आईची. मला एकांत मिळाला तो नोकरीत.

बोर्डाची खोली आमच्याकडे पहिल्या मजल्यावर, वरच्या जिन्याखाली आहे. एक खुर्ची मावते. समोर लाकडी कपाटासारखा बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा. प्रत्येक भोक म्हणजे एक वॉर्ड, एक ऑफिस, नाहीतर बाहेरची एक लाइन. फोन आला की त्या भोकावरची छोटी पत्र्याची झडप टक् करून खाली पडते. आपण दोरीचं एक टोक तिथे खुपसायचं, "हॉस्पिटल" म्हणायचं, कोण पाहिजे ते ऐकायचं आणि दुसरं टोक त्या वॉर्डात खुपसायचं. मग कानावरून लाइन काढायची. पुढचं ऐकायचं नसतं. आत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दाराला आतून जाड लोकरी बनात लावलेली आहे. प्रभूने सांगितलंय की प्रार्थना करायची तर आतल्या खोलीत जावं आणि दार लावावं. माझी नोकरीच तशा खोलीत होती.

दुपारी जेवणानंतर डॉक्टर जरा आडवे होतात, नातेवाइकांची वेळ झालेली नसते, तेव्हा झडपा शांत असतात. मी खुर्ची थोडी वळवायची आणि डोळे मिटायची. झडप पडली की ऐकू येतंच. प्रार्थना अर्धी राहायची, "हॉस्पिटल" म्हणायचं, दोरी लावायची आणि परत तिथूनच पुढे. सुरुवातीला हे मला अपमानाचं वाटे, म्हणजे देवाचा. नंतर सवय झाली. एकदा एका हाउसमनने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, दार उघडलं आणि मला डोळे मिटलेली बघून मेट्रनकडे तक्रार केली की ऑपरेटर झोपते. मेट्रनबाई पारशी, फार कडक. त्यांनी बोलावून विचारलं. मी सांगितलं, प्रार्थना करते. त्या म्हणाल्या की करत जा, पण एक डोळा बोर्डासाठी ठेव. देव समजून घेईल, सर्जन घेणार नाही.

बोर्डावर माणसं भेटतात ती अशीच, आवाजाची. हिंदमाताच्या एका कापडदुकानातले मुनीम रोज अकराला फोन करून बायकोची तब्येत विचारायचे आणि मी वॉर्ड जोडायला लागले की घाबरून म्हणायचे, "नको, तिला उठवू नका, तुम्हीच विचारून सांगा." बायको बरी होऊन घरी गेली तरी त्यांचा फोन दोन दिवस आलाच. सवयीने केला म्हणाले. लालबागच्या बायका वाण्याच्या दुकानातून बोलायच्या त्या इतक्या मोठ्याने, की तारेची गरज नव्हती. मी हळू बोलते म्हणून त्या मला हटकून विचारायच्या, "बाई, तू मराठी ना? मग सायबिणीसारखी काय बोलतंस?"

आता मथळ्यातलं ते वाक्य सांगते.

पेशंट वारला तर फोनवर सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. माझ्या आधीच्या ऑपरेटरने एकीला सांगितलं होतं. ती बाई दुकानाच्या पायरीवर कोसळली, फोन तसाच लोंबकळत राहिला आणि तारेवर किती वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत होता. तेव्हापासून मेट्रनबाईंनी दोन वाक्यं ठरवून दिली. पेशंट असेल तर, "वॉर्डात आहेत, भेटायच्या वेळेला या." नसेल तर, "घरातलं मोठं माणूस पाठवा." एखाद्याची ओळख पटायची असेल तरी हेच. अर्थ आल्यावर कळतो, तोवर माणूस निदान चालत असतं, आणि सोबत कोणीतरी असतं.

नियम चांगलाच होता. पण गिरणगाव लहान आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार सुरू झाले आणि दर घरातून कोणी ना कोणी फोन करायला लागलं, तसा त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळून गेला. मी "घरातलं" एवढं म्हटलं की पलीकडे श्वास थांबायचा. काही जण वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. नुसतं "हॉस्पिटल" म्हटलं तरी माझा आवाज ओळखून लोक बोलायचे थांबत. मला माझ्याच आवाजाची भीती वाटायला लागली. घरी मी आणखी कमी बोलायची.

त्या दिवसांत आमच्या घरातही वाद होता. समू कॉलेजात होता आणि मोर्चांना जात होता. आमच्या लोकांपैकी पुष्कळांना ते पसंत नव्हतं. आपण थोडे, आपण कशाला मध्ये पडायचं, असं ते म्हणत. बाबा स्पष्ट काही बोलत नसत, पण समू चपला घालायला लागला की त्यांना हटकून काहीतरी काम आठवायचं. एकदा समूने उभ्याउभ्याच विचारलं, "बाबा, वर्गात मला विचारतात, तुम्ही लोक साहेबाचे की आमचे? मी काय सांगू? घरी बसून सांगू?" बाबांनी चष्मा पुसला. आई म्हणाली, "जा. पण जेवून जा." ती मोरीत गेली आणि पडदा ओढला.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे त्या दिवशी तो जेवून गेला की नाही, ते मला माहीत नाही. मी आधीच निघाले होते.

दहाच्या सुमाराला लालबागच्या बाजूने गोळ्यांचे आवाज यायला लागले. बनातीच्या दारातूनही आले. मग सगळ्या झडपा एकदम पडल्या. पोरांच्या हातात गोट्या हलाव्यात तसा तो आवाज होता. मी दोऱ्या लावत गेले. कॅज्युअल्टीच्या सिस्टर रणपिसे आणलेल्यांची नावं मला खालून सांगत होत्या आणि मी ती ध्यानात ठेवून विचारणाऱ्यांना सांगत होते. वॉर्डात आहेत. वॉर्डात आहेत. मोठं माणूस पाठवा. बसगाड्या बंद झाल्यामुळे माझ्या बदलीची डिमेलो माहीमलाच अडकली होती. उठायला सवड नव्हती, पाणी प्यायलाही नव्हती.

बाराच्या पुढे बाबांचा फोन आला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून. माझं नाव न घेता त्यांनी विचारलं, सगळे विचारत होते तसंच. "सॅम्युअल नावाचा कोणी आला आहे का? वय वीस. निळा हाफ शर्ट." मी म्हटलं, "बाबा, मीच आहे." ते म्हणाले, "हो, ते कळलं. तुला विचारायला हवं ना, म्हणून विचारलं." समू लालबागला सभेसाठी गेला होता.

मी सिस्टर रणपिसेंना लावलं. सॅम्युअल नावाचं कोणी नव्हतं. मग त्या थांबल्या. त्या आमच्याच मंडळीच्या, पण समूला त्यांनी लहानपणी पाहिलेला, ओळखला नसता. म्हणाल्या, "एक जण आणला तेव्हाच गेलेला होता. नाव माहीत नाही. विशीतला आहे. शर्ट निळा आहे, बाळ. तू खाली येतेस का?"

मी सांगितलं की बोर्ड सोडता येत नाही. ते खरंच होतं. आणि ते खरं होतं याचा मला त्या क्षणी आधार वाटला, हेही लिहून ठेवते, कारण विषय वेळेचा आहे. बाबांना मी सांगितलं की नाव नाही, मी चौकशी करते. निळ्या शर्टाचं सांगितलं नाही.

मग पुढची झडप पडली. बाईचा आवाज होता, मालवणी, पण ओरडत नव्हती. लालबागहून बोलत होती. तिचा मुलगा वसंत, गिरणीत बदलीवर लागलेला, सकाळी दूध आणायला म्हणून गेला तो आला नव्हता. वय विचारलं. वीस-एकवीस. अंगात काय होतं विचारलं.

"निळो शर्ट गो. अर्ध्या हाताचो. त्येका तोच एक बरो आसा."

मी सिस्टरना पुन्हा विचारलं. वसंत नावाचा कोणी नव्हता. अनोळखी एकच होता, तोच.

मला वाक्य म्हणायचं होतं आणि ते निघेना. ती म्हणाली, "बोल गो बाय, मी ऐकतंय." मग मी म्हटलं. "घरातलं मोठं माणूस पाठवा."

तिच्या पाठीमागे दुकानात कोणीतरी बरणीचं झाकण लावल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मोठां माणूस मीच आसंय," आणि फोन ठेवला.

त्यानंतर थोडा वेळ एकही झडप पडली नाही. का ते माहीत नाही, बाहेर तारा तुटल्या होत्या की काय. सकाळपासून पहिल्यांदा सवड मिळाली. मी खुर्ची वळवली, डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, तो समू नसू दे.

एवढं म्हटलं आणि पुढचं मला कळलं. समू नसला तर तो वसंत होता. मी देवापुढे बसून त्या बाईचा मुलगा मागत होते. ती तेव्हा रस्त्यावर निघालेली असणार, गल्ल्यांतून, चाळींच्या चौकांतून वाट काढत. तीही तेच म्हणत असणार, तिच्या देवाजवळ, आणि तिला माहीतही नव्हतं की तिच्या मागण्यात माझा भाऊ आहे. मला दोघांसाठी मागता येईना, कारण खाली कोणीतरी होताच. देवाच्या इच्छेवर सोपवते असं म्हणावं, आम्हांला लहानपणापासून तसंच शिकवलं आहे, तर मला भीती वाटली की मी ते म्हटलं तर तो समूला खरंच घेईल. दार बंद होतं, खोली शांत होती, वेळ होता. सगळं जसं असावं म्हणतात तसं होतं. आणि मी डोळे उघडले आणि एखादी झडप पडावी म्हणून बोर्डाकडे बघत बसले.

ती आली तेव्हा सिस्टर रणपिसेंनी तिच्याबरोबर एका नर्सला माझ्या खुर्चीवर बसायला वर पाठवलं. नर्सला बोर्ड येत नव्हता. मी तिला सांगितलं की झडप पडली तर फक्त थांबा म्हण. आता मला खाली न जायला कारण उरलं नाही.

बाई ठेंगणी होती, नऊवारी लुगडं, पायात काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "फोनावर बोललंस ती तूच?" मी मान हलवली. आम्ही जिना उतरलो. पॅसेजमध्ये माणसं भिंतीला टेकून बसली होती, त्यांनी पाय आत घेतले. तिने विचारलं, "तुझो कोण?" तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "भाऊ." तिने माझं मनगट धरलं. माया म्हणून नाही. गर्दीत मूल हरवू नये म्हणून धरतात तसं घट्ट, दुखेल इतकं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. मला वाटतं, दोघींनाही ठाऊक होतं की दारापलीकडे आम्हांपैकी एकीचंच माणूस आहे.

सिस्टरनी चादर बाजूला केली.

शर्ट निळा होता. चेहरा समूचा नव्हता. लगेच मी तिच्याकडे वळले, तिला धरायला. ती वाकून बघत होती. तिने त्या मुलाची हनुवटी बोटाने थोडी वळवली, डाव्या भुवईवर जुना व्रण होता तो पाहिला आणि सरळ झाली.

"ह्यो माझो न्हय," ती म्हणाली.

तिसरा कोणी असेल हे आम्हां दोघींच्याही मनात आलं नव्हतं. शहरात निळे शर्ट किती असतात! मला इतकं हलकं वाटलं की मी जवळजवळ हसले असते, आणि तो मुलगा तिथे तसाच होता. सिस्टर म्हणाल्या, "जा बाई घरी, तुमचा येईल." तिने इकडेतिकडे बघितलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि त्याच्या उशाशी बसली.

"कोणाचो तरी आसा ना," ती म्हणाली. "त्येची आवस येयपर्यंत मी हयसरच बसतंय."

सिस्टरनी तिला सांगितलं की त्याची आई येईपर्यंत असं इथे बसायची पद्धत नाही. तिने ऐकलं नाही. सिस्टरनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. वसंतला पोलिसांच्या गाडीने नेलं होतं आणि तो नंतर सुटून सुखरूप घरी आला. पण ती तिथे बसली तेव्हा हे तिला माहीत नव्हतं. त्या वेळी तिच्या मुलाचाही पत्ता नव्हता.

मी वर आले. नर्सने सगळ्यांना थांबा म्हणून थांबवून ठेवलं होतं. त्यांतली एक तरी बाबांची निघावी असं मला वाटत होतं. एक निघाली. समू घरी पोचला होता. एक चप्पल हरवून, शिवडीकडून वळसा घालून. बाबा म्हणाले, "देवाने आपली प्रार्थना ऐकली, बाळ."

मी आमेन म्हणायला हवं होतं. आमच्याकडे म्हणतातच. मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "त्याला जेवायला घाला," आणि लाइन सोडली.

आता राज्य झालं आहे. समू नोकरीला लागला. पाळकसाहेबांनी विचारलं आहे की वेळ कसा काढावा, तर मला वाटतं वेळ निघतो. दुपारी निघतो, झडपांच्या मध्ये निघतो, मोरीत निघतो. मी त्या दिवसापासून वेळ नाही असं म्हणायचं सोडलं. भीती वाटते, असं म्हणते. डोळे मिटले की मागायला कोण कोण येऊन उभं राहील आणि त्यात आपलं मागणं कोणाच्या वाट्याचं असेल, ते सांगता येत नाही. तरी बसते. पुष्कळदा नुसतीच बसते, काही न मागता. त्या बाईंनी मला हेच शिकवलं असं लिहिलं तर ते छान दिसेल, पण मी अजून शिकते आहे.

त्या दिवसाचा शेवटचा फोन सांगून थांबते. ऊन कलायला आलं होतं. दादरहून कोणी बोलत होता, शांत, शिकलेला आवाज. धाकटा भाऊ सकाळपासून आला नव्हता. निळा शर्ट. त्याने आपणहूनच सांगितलं की लहानपणी जिन्यावरून पडला होता, डाव्या भुवईवर खूण आहे.

समोरचं माणूस विचारतं आणि आपण सांगतो, त्याच्या मध्ये एक श्वास असतो. त्या श्वासात मी काय म्हटलं ते मला आठवत नाही, पण कोणाला तरी काहीतरी म्हटलं.

"घरातलं मोठं माणूस पाठवा," मी म्हटलं.

त्यालाही अर्थ माहीत होता. मी लाइन सोडली नाही. मग त्याने विचारलं, "एकटाच आहे का तो तिथे?"

नियमात याला उत्तर नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांच्या उशाशी एक आई बसली आहे. तुम्ही या. तुमच्या आईलाही आणा."